शिल्लक आयुष्य

बँकेच्या माणसानं घराला एक चक्कर मारली,
भिंतीवर बोटांनी टकटक केलं, डॉक्टरसारखं,
आणि कागदावर लिहिलं :
वय वर्षे सदतीस. शिल्लक आयुष्य बावीस.
कर्ज वीस वर्षांचं.
म्हणजे दोन वर्षं निखळ आपली, सुगत म्हणाला.
गोळीबार चौकात उभ्याउभ्याच
तर्री-पोह्यांवर आम्ही ती दोन वर्षं साजरी केली.

घर म्हणजे पाचपावलीच्या गल्लीत
दोन खोल्या एकीमागे एक,
आणि मागे उसवलेल्या बाहीसारखी न्हाणी.
आई म्हणाली, बेसा रोडले लिफ्टवाला फ्लॅट नव्हता का?
होता. आमच्यासाठी नव्हता.

निमजेकाकांनी किल्ल्या देताना एवढंच सांगितलं :
नळ साडेपाचले येते.
अन् पयल्या खोलीत जड कपाट ठेवू नोका.
काहून, विचारलं
तर ते आपल्या चपला शोधायला लागले.

एप्रिलात काम काढलं.
शहाण्यानं नागपुरात एप्रिलात काम काढू नये.
दर रविवारी भिंती खरवडल्या,
निळ्याखाली पिस्ता, पिस्त्याखाली गुलाबी,
एकेक रंग एकेका लग्नाचा असावा.
मी लॅबमध्ये रक्त काढते;
सोमवारी माझ्या नखांतला चुना बघून
पेशंट हात मागे घ्यायचे.

एका बटणानं काहीच लागत नव्हतं.
आम्ही ते रोज दाबून बघायचो, आशेनं.
आठवड्यानं शेजारच्या धापोडकरबाई दारात :
आमचा पंखा कोन बंद करते व?

मग बिसन मिस्त्रीनं पहिल्या खोलीत सब्बल मारली
आणि थांबला.
बाई, इथं पोकय हाय.
निघालं काय, तर बारदान, फुटके कवेलू,
विटांचे तुकडे, एक बिनदांड्याची कढई,
आणि कंबरभर खाली
मातीत टाचांनी पाडलेले दोन खळगे.
मागाचा खड्डा व्हय, मिस्त्री म्हणाला,
चार घमेले गिट्टी टाकतो, सपाट.

निमजेकाकांना फोन लावला.
बराच वेळ मागे नुसता टीव्हीचा आवाज.
मीच भरला तो, माग इकला त्या राती.
सकाळी गल्लीतल्या कोनाले दिसू नये म्हनून.
बाप तिकडं तोंड करून झोपला होता.
झोपला नसंल.

मे लागला. पारा सेहेचाळीसवर,
वायरिंग उपसलेलं, कूलर अंगणात
वाळ्याच्या कोरड्या ताट्या लावून उगाच उभा.
दुपारी डबा घेऊन मी खड्ड्याच्या काठावर बसले,
पाय आत सोडले.
जमिनीच्या पोटातला गारवा
घोट्यांवरून हळूहळू वर आला,
कुणी न मागता पाणी आणून द्यावं तसा.
टाचा खळग्यांत ठेवून बघितल्या. मोठे होते.
एक पाय दाबला, मग दुसरा.
काहीच विणलं गेलं नाही, अर्थात.
समोरच्या काठावर सुगत येऊन बसला,
त्यानं माझ्यातली लोणच्याची फोड घेतली,
आणि त्या दिवशी पहिल्यांदा
आम्ही हप्त्याबद्दल बोललो नाही.

भरू का बाई, मिस्त्री रोज विचारतो.
उद्या, मी म्हणते.
त्याला माझं पटत नाही, पण दुपारी
तोही तिथंच बसून तंबाखू मळतो.

काल इतवारीत फरशीच्या दुकानात
सुगत म्हणाला, पहिली खोली एकशे वीस फूट.
मी म्हटलं, एकशे अकरा.
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग खाली बघून हसला.
दुकानदाराची पेन्सिल कानाजवळच अडकली :
नऊ फुटांचा फरक येते मॅडम,
बरोबर मापलं ना?

बसून मापलंय, मी म्हटलं.