गोळीबंद

नवतपाचा चौथा दिवस. कूलर नुसताच ओरडत होता,
वाळ्याच्या ताट्या कोरड्या खडंग,
आणि गॅसवर माझी साखर
तिसऱ्यांदा जळली.

आई भंडाऱ्याला, मावशीच्या बाळंतपणासाठी.
परवा दर्शनाताईचं लग्न.
ब्लाऊजला बाह्या नकोत
हे मी टेलरला सांगितलं होतं, आईला नाही.

प्रॅक्टिकलच्या वेळी ती ढोमणेची रूपाली म्हणाली होती,
"बर्नरपासून हात दूर ठेव वं, पेटन."
सगळा बाक हसला. मीही हसले.
मग कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं:
दोन वाट्या साखर, एक लिंबू, थोडं पाणी,
मधासारखं होईपर्यंत.
मधासारखं म्हणजे कसं, ते नव्हतं लिहिलं.

बाबा दुपारचे जेवायला आले.
तीस वर्षं संत्रा बर्फीच्या कढईपुढं उभा माणूस,
त्यांना वास जिन्यातच लागला असणार.

ओट्यावर काळं पातेलं, पिळलेली लिंबं,
जुन्या जीन्सच्या कापलेल्या पट्ट्या,
पावडरचा डबा.
एकेक पाहिलं त्यांनी.
मग माझ्याकडं न पाहता विचारलं,
"किती घट्ट पाहिजे?"

चिकटला पाहिजे, मी म्हटलं,
आणि निघाला पण पाहिजे.

"एकतारी नाही मंग. एकतारी वघळते.
गोळीबंदच्या जराशाक अलीकडं."

हात धुतले. साखर भिजेल एवढंच पाणी.
लिंबू उकळी फुटल्यावर,
"नाही तं दाणा धरते."
मी ओट्याची कड धरून उभी.
केस हा शब्द दोघांपैकी कुणीच उच्चारला नाही.
रंग आधी पाण्याचा, मग फिक्या चहाचा,
मग त्याला नाव नव्हतं.
ते वाटीतल्या पाण्यात थेंब सोडत,
दोन बोटांत दाबत,
मान हलवत: अजून नाही.
नाकाच्या शेंड्यावर घाम लोंबत होता,
तेवढा मात्र खांद्याला पुसला.

त्यांचा उजवा हात भट्टीनं कधीचाच साफ केलेला,
कोपरापर्यंत गुळगुळीत.
त्या हाताचा हेवा करतच मी मोठी झाले.
म्हणून डावा पुढं केला.
सुरीच्या पाठीनं एक पट्टा ओढला,
वर जीन्स दाबली,
आणि खस्सकन्

"आयव!"
बस, इतकंच.
पट्टी उजेडात धरून उलटी-सुलटी पाहिली,
पहिल्या घाण्याची बर्फी पाहतात तशी.
"निघते," म्हणाले. "थंडं होऊ दे. पोळशीन."

वाटी न्हाणीच्या दाराशी ठेवली
आणि डोक्याला दुपट्टा बांधून
न जेवताच परत गेले, त्या तसल्या उन्हात.

दुखलं. खोटं कशाला सांगू.
पोटरीवर उलट्या बाजूनं ओढलं, रक्ताचे बारीक ठिपके आले.
गरमीत पाक सारखा सैल पडायचा,
पुन्हा फ्रिजात, पुन्हा बाहेर.
दंडापर्यंत पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती.
मोरीत मुंग्यांची रांग,
गोड लागलेले माझे केस
एकेक करून कुठंतरी नेत होत्या.
त्यांच्यावर पाणी टाकायला हात झाला नाही.

आता धरमपेठेत जाते, एसीत.
पोरगी चॉकलेटच्या वासाचं काहीतरी लावते,
गप्पा मारत ओढते.
तिला पाकातलं काही कळत नाही.

लग्नात, मांडवात, मोरेश्वरकाकांनी
बाबांचं मनगट धरलं:
"काहून गा नत्थू, हाताले काय झालं?
मधीच पट्टा कोरा!"
"भट्टीनं गेले," बाबा म्हणाले
आणि हात पाठीमागं नेला. डावा.

आई सकाळच्या गाडीनं आली होती.
तिनं माझ्या दंडाकडं पाहिलं,
मग त्यांच्याकडं.
भट्टी उजव्या अंगाला असते
हे तिला माहीत होतं.
"पंगत बसते आहे," ती म्हणाली.