तुझ्या मशीनवर चालेल असं काही

निहार,
तू विचारलंस, आत्या, चार जीबी रॅमवर काय चालेल?
तसं बघायला गेलं तर माझंही इथे कुठे काय चालतंय.
गावाचं नाव हल,
आणि रात्री अकरानंतर पान हलत नाही.
हंबरवरून धुकं येतं,
हेसल रोडच्या बंद शटरांना चाटून परत जातं.
मी हॉस्पिटलातून येते, बूट काढते,
जिन्याखालच्या कपाटातली पेटी सुरू करते.

पेटी बारा गावचं पाणी प्यालेली.
मदरबोर्ड एका लायब्ररीने टाकून दिलेला,
ग्राफिक्स कार्ड ऑस्लरकाकांच्या दुकानातलं, वीस पौंड.
"पंखा खोकतो, पण मरत नाही," एवढीच वॉरंटी.
ते पूर्वी मासेमारीच्या बोटीवर रेडिओ सांभाळायचे.
थर्मल पेस्ट लावायला त्यांनीच शिकवलं:
वाटाण्याएवढी, म्हणाले.
मी लावली साबुदाण्याएवढी, भिजलेल्या.
हे माप मला ठाऊक नाही, म्हणाले,
पण तापमान तुझ्या बाजूने आहे.

तर आधी हे ऐक.
नवीन कार्डासाठी बाबाच्या मागे भुणभुण लावू नकोस.
लॅपटॉप उघड, पंखा साफ कर,
इचलकरंजीचा अर्धा कापूस निघेल त्यातून.
रॅमची एक पट्टी वाढव. बस्स.
सावल्या बंद कर. खेळातल्या म्हणतेय.
पाण्यातली प्रतिबिंबंही.
तीस फ्रेममध्ये जग नीट चालतं,
साठमध्ये नुसतं गुळगुळीत होतं.

आता खेळ.
एकात तू टपाल कचेरीतला कारकून,
पाण्याने पत्ते पुसलेली पत्रं, खिडकीबाहेर बर्फ.
एक गोळी सुटत नाही,
तरी चौथ्या दिवशी माउसवर माझा हात थरथरला.

दुसरा एका बाईने एकटीने सात वर्षं खपून केला.
त्यात पूल दुरुस्त करायचा.
होतो पूल. मग त्यावरून कोणीच येत नाही.
लोक म्हणाले, हा काय खेळ झाला?
मी महिनाभर रात्री दोन वाजता
त्या कठड्याला टेकून उभी राहिले, युनिफॉर्मसकट.

तिसरा मला आवडला नाही.
तुला आवडेल, त्यात किडे आहेत.

चौथा सांगू की नको असं चाललंय माझं.
किनारा आहे, होड्या आहेत, प्रत्येकाला एक कंदील.
बोलता येत नाही, कंदील फक्त उघडझाप करता येतो.
कंपनी बुडाली, सर्व्हर बंद व्हायचा होता,
त्याच्या आदल्या रात्री ऑस्लरकाकांनी
सगळ्या फाइल्स उतरवून घेतल्या.
मार्चमध्ये ते गेले.
त्यांच्या दुकानात आता नखं रंगवून मिळतात.
सर्व्हर माझ्या कपाटात आला, छत्र्यांच्या शेजारी.
वीजबिल बघून मी दर महिन्याला बंद करायचं ठरवते.

खेळणारे दोघेच उरलोत.
एक मी.
एक कोणीतरी, मंगळवारी इथल्या बाराला येतं,
धक्क्याच्या टोकाशी होडी लावतं,
तीनदा कंदील झाकतं.
मी तीनदा.
मग बराच वेळ काहीच नाही, लाटा तेवढ्या,
त्यासुद्धा अडखळत, कार्डाची ऐपत तेवढीच.
कोण, कुठलं, काकांना ओळखत होतं का,
विचारायची सोय खेळात नाही.
आधी मला ही त्याची खोट वाटायची.

या मंगळवारी माझी रात्रपाळी आहे.
इथले बारा म्हणजे तुझे पहाटेचे साडेपाच.
उठशील?
खूण अवघड नाही, वर लिहिलीच आहे.
ग्राफिक्स सगळ्यात खालच्या पायरीवर ठेव,
समुद्र ठोकळ्यांचा दिसेल, आकाश जवळजवळ नाहीच,
कंदील मात्र दिसतो.
मी तपासून पाहिलंय.