दर अकरावं घर

गेल्या वर्षी कोटा होता.
पुरुष दहा, बायका दहा, पैकी तिशीच्या आतले आठ.
संखच्या स्टँडवर चहाच्या गाड्याशी उभी राहिले
आणि दुपारी दोनच्या आत वीस फॉर्म भरून मोकळी.
जे थांबले ते बोलले.
ज्यांना वेळ होता ते थांबले.
पाणी लांब आहे, असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

यंदा यादी आहे.
मारुतीच्या देवळापासून उजव्या हाताने चालायचं,
पहिलं घर कितवं, ते दहाच्या नोटेवरचा शेवटचा आकडा सांगणार,
पुढे दर अकरावं.
सावली बघून वळायचं नाही,
कुत्रं बघून टाळायचं नाही.

तिसरं घर निघालं पार माळाच्या टोकाला.
कुलूप.
शेजारीण म्हणाली, "ऊसतोडीला गेल्यात, वाळव्याकडं.
माझं घ्या की लिहून, आमचं बी तसलंच हाय."
तिच्या ओट्यावर गारवा होता. पेनाचं टोपण मी काढलंही होतं.
गेल्या वर्षी लिहिलंच असतं.
तीन खेपा घातल्या, तीन तारखा टाकल्या,
आणि उत्तराच्या जागी लिहिलं : कुलूप.

चौथ्या घरात शिवगोंडा आजोबा खुर्ची देऊन तयारच.
तक्त्यावर बोट फिरवलं, नाव निघालं सुनेचं.
"कस्तुरीला काय कळतंय? विचारा मला."
मी म्हटलं, आजोबा, चिठ्ठी तिची आहे.
ती दाराआड उभी. नजर माझ्या चपलांवर.
"पाणी किती लांब?"
खूप वेळ काही नाही.
मग, "एरडू सला."
दोन बोटं. दोनदा.
"घागर दोनदा खाली ठेवावी लागती, येवढं."
फॉर्मवर चौकोन होते : अर्ध्याच्या आत, एक, दोन किलोमीटर.
मी समासात लिहिलं.
आजोबा म्हणाले, "दोनदा? मला वाटलं, हितंच हाय."

दिवसभरात फॉर्म तीन.
सुपरवायझर फोनवर आठ म्हणत राहिले.

स्टँडवर चहावाल्याने ओळखलं.
"ताई, यंदा आमाला न्हाई विचारत?"
तुमचं घर निघालं नाही, दादा.
"म्हंजे नंबर लागला न्हाई?
मग लागला कुणाचा?"
मला आधी कुलूपच आठवलं.