मागची खोली

शालनची भिशी लागली. अकरा हजार.
दोन शेगडीला ठरलेले,
म्हणजे नऊ.
नऊ हजारांत खोली,
असं वहीच्या मागच्या पानावर लिहिलं
आणि खाली रेघ मारली,
वर्कशॉपात मापाखाली मारतो तशी.

आधी रिकामी करायला घेतली.
गणपतीची थर्माकोलची दोन मंदिरं,
बंद कूलर, ज्यात दोनदा मांजर व्याली,
महापुरात माळ्यावर टाकलेली आणि
पुन्हा कधीच न उतरवलेली पातेली,
आणि उत्कर्षाच्या रुखवतातलं,
न्यायचं राहून गेलेलं लाकडी जातं,
बाहुलीएवढं, सोनेरी कागद अजून चिकटलेला.
ते शालननं पदराखाली घेतलं.
कुठं नेलं, मी विचारलं नाही.

दस्तगीर म्हणाला, नवा डबा कशाला?
चार साइटींचं उरलंय माझ्याकडं.
शाहूपुरीतल्या डॉक्टरांचा पिस्ता,
कसबा बावड्याच्या बालवाडीचा पिवळा,
थोडा पांढरा,
आणि एक कुणाचा, ते त्यालाही आठवेना.
बादलीत काठीनं ढवळलं.
झाला त्या रंगाला कार्डावर नाव नाही.
वाटाण्याची शेंग सोलल्यावर आतून दिसते तसा काहीतरी.
"पुन्हा असाच लागला तर रे?"
"पुन्हा न्हाई व्हायचा मामा.
कोपरं आत्ताच नीट बघून घ्या."

वायरमन म्हणाला, किती पॉइंट काढू?
एक पंख्याचा, एक ट्यूबचा.
"आन् चार्जिंगला? उशापाशी? टेबलापाशी?"
थांब, म्हटलं, विचारून सांगतो.
विचारलं कुणालाच नाही.
आठ दिवसांसाठी आलेल्या माणसाला एक पुरतो.
मी तीन काढायला सांगितले.

लक्ष्मीपुरीत जुन्या फर्निचरवाल्यानं विचारलं,
"सिंगल का डबल?"
इतका साधा सवाल.
मागं टेम्पो हॉर्न मारत होता.
मी उगाच एका पलंगाच्या पायावर थाप मारून बघितली,
मला सागवानातलं कळतं असं दाखवत.
सिंगल म्हणालो, तर बोलून टाकल्यासारखं होणार.
डबल म्हणालो, तर खोटं.
"साडेतीन फुटी हाय का?"
होता. सिंगलला अर्धा फूट जास्त.
कूस बदलायला,
न्हाईतर बाजूला पुस्तकं, टॉवेल, फोन,
कायबी ठेवायला.
तेवीसशे म्हणाला, एकोणीसशेला दिला.
एक पाय डुगडुगत होता,
त्याला बुश मी लेथवर काढला,
जेवणाच्या सुट्टीत, शेठला न विचारता.

पडद्याचं कापड शालननं गांधीनगरातून आणलं.
मीटरला साठ, कारण फुलं उलटी छापलेली.
शिवून टांगल्यावर
ती पहिल्यांदा त्या पलंगावर उताणी पडली,
डोकं खिडकीकडं करून,
आणि म्हणाली, "हितनं सरळ दिसत्यात."

खर्च आठ हजार सहाशे चाळीस.
उरले तीनशे साठ.
ते मी वहीत दोनदा लिहिले, इतकं बरं वाटलं.

उत्कर्षा पहाटेच्या गाडीनं आली.
दोन बॅगा, एक उशी. स्वतःची उशी.
उंबऱ्यात उभी राहिली,
भिंत बघितली, पडदा बघितला,
तीन पॉइंट मोजले बहुतेक.
मग दाराला हात लावून म्हणाली,
"पप्पा, ही कडी आतून लागते का?"

लागत नव्हती.
पुराच्या पाण्यानं दार फुगलं तेव्हापासून
बोटभर चुकायची.
इतक्या वर्षांत कुणी लावून बघितलीच नव्हती.

पापाच्या तिकटीला दुकानं उघडेपर्यंत
मी बंद शटरसमोर उभा.
पितळी, जाड, तीनशे ऐंशी.
वरचे वीस खिशातले.
दार रंध्यानं तासलं, चार स्क्रू पिळले,
पाचवा नको होता, तरी पिळला.

"बघ लावून," म्हणालो, आणि बाहेर आलो.
दार लागलं.
कडी सरकली, एकदम गुळगुळीत.
शालन म्हणाली, "चहा टाकू का तिला?"
म्हटलं, थांब जरा.