दीड वाजता उघडणारं दुकान

धायरीत तिसऱ्या मजल्यावर,
गव्हाच्या कोठीला लागून माझं ऑफिस.
पाटी नाही. लावलीच असती तर:
येथे दुसऱ्यांचे दिवस रफू करून मिळतील.
सासूबाई विचारणाऱ्यांना सांगतात,
‘ती कॉम्प्युटरवर काहीतरी करते.’
खोटं नाही.

सगळं शहर जेवून आडवं होतं
तेव्हा मी वेणी घालून, कानाला हेडफोन लावून
शटर वर करते.
तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात.

परवा समोरच्या विंगमधली शलाका आली, वही घेऊन.
‘काकू, मलाही करायचंय हे. काय काय यावं लागतं?’
एक ते दहा आकडे आधीच घालून ठेवले होते तिनं.
मी चहा टाकला.

टायपिंग येतंच तुला, म्हटलं.
भोसरीत सतरा वर्षं माझा साठचा वेग होता.
आधी कंपनी चाकणला गेली, मग साहेब गेले,
मग माझी खुर्ची.
वेग माझ्याकडेच राहिला,
पण तो आता कुणी विकत घेत नाही.

मग काय?
मग तीन ओळींचं पत्र.
चौथी ओळ आली की समजायचं, आपण घाबरलोय.
मग ‘नाही’ म्हणणं, माफी न मागता.
इंग्रजीत जमतं मला. मराठीत अजून नाही:
‘घरीच असतेस ना, जरा माझा सिलिंडर घेऊन ठेवशील?’
ठेवते म्हणते, आणि ठेवते.

इन्व्हर्टर घे. गुरुवारी वीज जाते,
पाणीही नेमकं त्याच दिवशी.
पण ते रडगाणं तिकडे गायचं नाही,
लेस्टरच्या माणसाला आपल्या टाकीशी काय देणंघेणं?

पासवर्ड वहीत लिहायचे नाहीत.
तिनं हे वहीत लिहून घेतलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं
तासभर पुढे सरकतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सोमवारी मी अडीचला हजर, हिवाळ्यासारखी.
तो बसला होता तीन पाहुण्यांसमोर
तासभर, कागदांशिवाय.
‘नेट गेलं होतं’ लिहायला बोटं शिवशिवली.
साठच्या वेगानं लिहून झालं असतं.
सावकाश लिहिलं: चूक माझी. हा तास बिलात नाही.
दोन दिवस उत्तर नाही.
तिसऱ्या दिवशी त्यानं बँकेची कामंही पाठवली.

‘आणि दर?’ शलाकानं हळूच विचारलं.
मनात धरलायस त्याच्या दुप्पट सांग,
मग गप्प बस.
गप्प बसणं, हेही लिहून घे.

ती गेली तेव्हा दोन आकडे रिकामेच होते.

एक तिला सांगितलं नाही.
त्याच्या इनबॉक्समध्ये, बिलं आणि तिकिटांच्या मध्ये,
हॉस्पिटलचं पत्र आलं होतं.
उघडणं माझं काम, उघडलं.
दर गुरुवारी सकाळी दहा, सहा वेळा.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
सहा गुरुवार मोकळे केले.
लोकांना कळवलं, त्या दिवशी उपलब्ध नाहीत.
दीड ओळ. कारण नाही.
रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, ‘आज गप्पशी?’
म्हटलं, डोकं दुखतंय.

सातव्या बुधवारी त्याचं पत्र:
उद्यापासून गुरुवार भरायला हरकत नाही.
दहाची वेळ मी आणखी एकदा रिकामी ठेवली,
अकराला पहिली भेट लावली.

तुम्हाला सांगतेय तेही नाव गाळून,
गाव बदलून. लेस्टर नाही ते.
आणि वार
गुरुवार नव्हता.