तिसऱ्या सरातला मणी

मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या मागं
ताट मांडून बसते मी. स्टीलचं, जेवणाचंच.
आत मखमलीचा तुकडा, म्हणजे मणी पळत नाहीत.
पळतात तरी.
शेजारचा पोरगा गटारीपर्यंत धावतो
आणि ओल्या मुठीत धरून आणतो,
जणू मासा.

समोर गौसचाचांचं दुकान.
छताला भोपळे टांगलेले,
आपण गाणार आहोत हे अजून न कळलेले.
तंबोऱ्याच्या तारेत चाचा मणी ओवतात,
केसभर खाली सरकवतात, केसभर वर.
"चार तारांना चार पुरतात," म्हणतात, "तुझ्या ताटात किती गं?"
मी म्हणते, चाचा, तुमचे सुरात येतात,
माझे आले तर हिशोबात.

हिशोब असा:
अकरा नंबरचे काचमणी, साठ.
दोरा, मेण, कड्या, मागचा गोंडा, धरा चाळीस.
डबी आठ रुपये.
दुपारी तीन. म्हणजे तीन वाजता नव्हे,
तीन अख्ख्या दुपारी.
त्यांच्यापुढं काय लिहायचं ते ठरत नाही.
वहीत तिथं नुसती रेघ आहे.

सांगलीला बचत गटांच्या प्रदर्शनात
अर्धं टेबल मिळालं, अर्धं लोणचंवाल्या बाईंना.
दिवसभर माझ्या माळांना मोहरीचा वास.
"केवढ्याला ओ?"
साडेचारशे.
"नुसत्या मण्यांचे?"
बाईंनी गळ्याला लावून पाहिली, मैत्रिणीला दाखवली,
पुढून फोटो काढला, मागून गाठीचाही काढला,
आणि "येते हं फिरून" म्हणाल्या.
फिरून येते म्हणणाऱ्या बायकांची
वेगळीच जत्रा भरत असणार कुठंतरी.

दिवाळीच्या तोंडावर गणपती पेठेत तीच माळ.
पाच सर, जांभळ्यावर पिवळा, मधे चांदणी.
प्लास्टिकची. नव्वद रुपये. दोरीवर चाळीस टांगलेल्या.
पाय हलेनात.
मग जवळ जाऊन पाहिलं, तर तिसऱ्या सरात,
डावीकडून अकरावा:
पोपटी.

त्या रात्री लाइट गेली होती.
पिवळे संपत आलेले, आणि मेणबत्तीपुढं
पिवळा न् पोपटी सख्खे भाऊ.
सकाळी दिसलं, पण उसवायचा कंटाळा केला मी.
आणि इथं कुणीतरी
चाळीस वेळा मोजून, एकदाही न चुकता,
माझा कंटाळा ओवला होता.

हसूच आलं.
दुकानदार म्हणाला, पॅक करू का ताई?

पंधरवड्यानं मगदूम मास्तरांची लेक आली,
रुमालात तुटकी माळ बांधून.
"ओवून देता म्हणे तुम्ही? उद्या गॅदरिंग आहे."
रुमाल सोडला. मी ओळखली.
मण्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.
दोऱ्याला मेण लावलं,
दर पाच मण्यांमागं गाठ मारली. त्यांनी मारलीच नव्हती.
फोटोत गाठ दिसते,
ती मारताना दोरा दातात किती ओढायचा
ते दिसत नाही.

"हा पोपटी चुकून आलाय वाटतं," ती म्हणाली, "काढून टाका की."

समोर चाचा तार लावत होते,
भोपळ्याला कान टेकवून.
मणी केसभर खाली.
नाही. अजून थोडा.

राहू दे, म्हटलं. त्याची जागा तीच आहे.

तीस रुपये घेतले, गाठींचे.
ती गेल्यावर वही काढली,
आणि दुपारांपुढच्या रेघेवर
एक आकडा लिहिला,
पेन्सिलीनं.