आधीच्याची मूठ

उंड्रीत, सहाव्या मजल्यावर, ओट्याच्या कोपऱ्यात
मिक्सर हलवून मी चक्की ठेवली.
बुटकी, लाकडी अंगाची, पोटात दोन दगड.
किंमत अण्णांना निम्मी सांगितली,
तरी म्हणाले, एवढ्यात मी मोटार बसवली होती,
पट्ट्यासकट.

नाना पेठेत गिरणी होती त्यांची.
भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या,
पट्ट्याच्या फटफटीत आधी डावा कान गेला,
मग उजवा.
शाळेत मला पिठलं म्हणायचे.
मी केस झटकायचे, रविवारीसुद्धा.

आता मीच पहाटे खपली दळते, पावासाठी.
बरणीत आंबवण आहे, तापट;
एक दिवस खायला घालायचं विसरलं
की वास मारून घर डोक्यावर घेतं.

अण्णा चक्कीच्या पाठीवर तळहात ठेवतात,
बैल पारखावा तसा.
दगड घासतायत. सैल कर.
करते.
मग अंगठ्याखाली पीठ चोळून:
तापलंय. परातीत पसर. निवू दे.

मला ऑफिसची घाई.
पाव विटेसारखा निघाला.
त्यांनी तो चहात बुडवून खाल्ला,
कवळी सांभाळत, सगळा.

माहितीपुस्तकात छापलंय:
प्रत्येक धान्यानंतर दगड पूर्ण साफ करावेत.
मी कानाशी ओरडून वाचलं.
ते हसले.
पूर्ण साफ होतो का दगड?
आधीच्याची मूठ आत राहतेच.
सोलोमनबाईंच्या गव्हात तांबोळ्यांची बाजरी,
तांबोळ्यांच्या बाजरीत ओसवालांची डाळ.
भांडायचे लोक,
बाजरीवर आमचा गहू टाकू नका,
डबे मागेपुढे करायचे,
आणि रात्री जेवायचे मात्र…
इथे त्यांना खोकला आला.

माझ्या पिठात माझ्याशिवाय कुणी नाही,
हे मला तेव्हा कळलं.

गुरुवारी पाचव्या मजल्यावरची मेहजबीन आली,
सहा वाजता आमचे कप थरथरतात म्हणून.
चिडली होती.
जाताना परातीत बोट बुडवून गेली.
शनिवारी पुन्हा आली,
नाचणीचा डबा घेऊन.

अण्णांनी माझ्या मुलाचा खडू मागितला,
झाकणावर लिहिलं: पाचवा मजला.
दळून झाल्यावर मी फडकं घेतलं,
आणि परत खुंटीला अडकवलं.

आज पाव बरा फुगलाय.
कापला तर आत बारीक तांबूस ठिपके.
अण्णा एकावर बोट ठेवतात,
गिरणीतल्यासारखं, उगीचच मोठ्यानं:
हे कुणाचं?